दुखणं थांबलं तेव्हा

बसस्थानकावर तिला सगळे माईकताई म्हणत. काचेच्या खोक्याएवढ्या खोलीत बसून ती दिवसभर गाड्यांच्या वेळा, फलाट आणि उशीर सांगायची. अकरा वर्षं तोच आवाज ऐकून लोकांना इतकी सवय झाली होती, की तिने गाडी अर्धा तास उशिरा येतेय असं सांगितलं तरी कोणी फारसं चिडत नसे. नवरा त्याच स्थानकावरचा ड्रायव्हर, लांब पल्ल्याच्या गाडीवर. एकदा गेला की पाच-सहा दिवस त्याचं तोंड दिसायचं नाही. घरी ती आणि सासूबाई, दोघीच.

डाव्या बाजूची खालची शेवटची दाढ कित्येक महिने अधूनमधून ठणकत होती. तिने कानाडोळा केला होता. पण नवरा गाडी घेऊन गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, दाढेने असं काही डोकं वर काढलं की घोटभर पाणी प्यायलं तरी कानापर्यंत कळ जायची. गालही सुजला. तिने दातांच्या दवाखान्यात फोन लावला.

"पुढच्या मंगळवारी अकरा वाजता या," तिथली बाई म्हणाली. "त्याआधी जागाच नाही. तोवर कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करा, दुखण्याची गोळी जेवणानंतर घ्या, गालाला बाहेरून गार कपडा लावा. आणि हे नीट ऐका. ताप आला, सूज गळ्याकडे सरकली, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास व्हायला लागला, तर मंगळवारची वाट बघायची नाही. लगेच फोन करा. दवाखाना बंद असेल तर सरळ मोठं हॉस्पिटल गाठा."

"हो, हो," ती म्हणाली. त्या क्षणी तिला फक्त मंगळवार ऐकू आला होता.

दोन दिवस तिने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. गुळण्या केल्या, उजव्या बाजूने दुधात भिजवलेला पाव खाल्ला, उशाला दोन उशा घेतल्या. तरी डोळ्याला डोळा लागत नव्हता. बुधवारी तिचा उतरलेला चेहरा बघून सासूबाईंना राहवलं नाही. त्यांनी कपाट उघडलं आणि कॅप्सूलची एक अर्धी पट्टी तिच्या हातावर ठेवली.

"माझ्या पायाला जखम झाली होती ना, तेव्हा डॉक्टरांनी दिल्या होत्या. बरं वाटलं म्हणून उरल्या. घे, पोरी."

"पण आई, या दातासाठी चालतात का?"

"पू तो पू. पायातला काय न् तोंडातला काय!"

तिने घेतली. पट्टीत पाचच होत्या.

गुरुवारी सकाळी ती उठली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दाढ दुखत नव्हती. तिने जिभेने हळूच दाबून बघितलं. काहीच नाही. तीन दिवस डोक्यात घण घालणारा माणूस हत्यारं तिथेच टाकून निघून गेला होता. तिला इतकं हायसं वाटलं की ती चहाचा कप हातात धरून नुसतीच हसत बसली.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" सासूबाई खूश झाल्या. शुक्रवारी तर त्यांनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "गालावरची सूज उतरली की!"

उतरली होती हे खरं, पण ती खाली उतरली होती. जबड्याच्या काठाखाली, गळ्याच्या बाजूला, एक जाडसर वळी आली होती. अंग कसकसत होतं. दुखत मात्र नव्हतं, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी कोण फोन करतं? तिने ओढणी जरा वर गुंडाळली.

शनिवारी ती कामावर गेली. हनुवटीखालचा भाग आता फळीसारखा टणक लागत होता. जीभ कोणीतरी खालून उचलून धरल्यासारखी, तोंडात मावत नव्हती. दोन बोटं जातील एवढंही तोंड उघडत नव्हतं. लाळ गिळवेना म्हणून तिने हातात रुमाल धरला होता. अकराच्या गाडीसाठी तिने फलाट क्रमांक सात सांगितला आणि निम्मे प्रवासी आठवर जाऊन उभे राहिले.

कंट्रोलरने दारातून डोकं आत घातलं. "माईकताई, तोंडात काय गरम बटाटा धरलाय? घोषणा आहे की कोडं?"

तिने हात हलवला. बोलायला श्वास पुरत नव्हता. कंट्रोलर हसत निघून गेला. काचेपलीकडे माणसं बॅगा ओढत धावत होती, आणि तिला वाटलं, ही सगळी एवढी हवा कुठून आणतात?

साडेअकराला तिच्या नवऱ्याची गाडी फाटकातून आत शिरली. खिडकीतून भोंग्यावरची घोषणा ऐकू आली तसा तो कंडक्टरला म्हणाला, "आज माईकवर कोणी बदली आलीय वाटतं. पार घोगरा आवाज आहे." गाडी लावून तो खाली उतरला, आणि काचेतून त्याला त्याची बायको दिसली. पुढे झुकून, हनुवटी वर करून, दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरून बसलेली.

तो धावतच आत गेला. "अगं, काय झालं?"

"काई नाई," ती म्हणाली. "दुकत नाई आता."

तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ ओघळत होती. त्याने ओढणी सोडली आणि गळा बघितला. दोन्ही बाजूंनी सुजून जबडा आणि मान एक झाली होती.

कंट्रोलरचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्याने ऑफिसची जीप काढली. मागच्या सीटवर नवरा तिला आडवं करायला गेला, तशी ती तडफडून उठून बसली. आडवं पडलं की श्वासच बंद होत होता. मग सबंध रस्ताभर तो तिला पाठीमागून धरून ताठ बसवून राहिला. प्रत्येक श्वासाला तिच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि तो आवाज थांबला तर काय, या विचाराने तो स्वतःचा श्वास रोखून ऐकत होता.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत. "घसा बंद होत चाललाय. आधी नळी," एवढंच त्या मागे वळून ओरडल्या. तिला आठवतो तो छतावरचा दिवा, आणि तिच्या हातातून सुटणारा नवऱ्याचा हात.

हनुवटीखाली चीर देऊन पू काढला, दाढ काढली. तीन दिवस नळीने श्वास चालू होता.

सासूबाई रिकामी पट्टी मुठीत घेऊन आल्या आणि त्यांनी ती डॉक्टरांसमोर धरली. "मी दिल्या हो," त्या म्हणाल्या.

"आजी, अर्धवट गोळ्यांनी आजार जात नाही, नुसता दबतो," डॉक्टर म्हणाल्या. "दाढेतली नस मेली म्हणून दुखणं थांबलं. पू मात्र खाली वाट काढत होता. यायला आणखी दोन तास उशीर झाला असता, तर मी काही करू शकले नसते."

नवऱ्याने त्या सबंध वेळात आईला एक शब्द बोलून दाखवला नाही. सासूबाईंना तेच जास्त लागलं.

पाच आठवड्यांनी ती पुन्हा कामावर गेली. आवाज जवळजवळ पूर्वीसारखा झाला आहे, फक्त दिवस संपत आला की थोडा खरखरतो. हनुवटीखालचा व्रण ओढणीत लपतो. पण घोषणांच्या मधे जरा उसंत मिळाली की ती माईक बंद करते आणि कोरडाच आवंढा गिळून बघते. तो खाली जातो. मग ती पुन्हा एकदा गिळून बघते.