शेवाळ नसलेलं तळं

यायाचं मनगट हातात घेतल्याबरोबर चेउ इतोहला कळलं, की ही बाई कुठेही पडलेली नाही.

पडणारा माणूस तळहात टेकतो, आणि मोडतं ते अंगठ्याच्या बाजूचं हाड. तालमीचे गुरू आबा उकार यांच्या शेजारी बसून इतोह, सगळ्यांची चेउ म्हणजे ताई, बावीस वर्षं हाडं बसवत आली होती, तिला हे कुणी सांगायला नको होतं. इथे करंगळीच्या बाजूचं हाड पिळून मोडलं होतं आणि कातडीवर पाच बोटांचे वळ होते. तालमीत तिसऱ्या वर्षी शिकवतात तो मनगटपेच होता, शिकवलाय तसाच्या तसा घातलेला.

"तळ्याशी पाय घसरला," याया म्हणाली. ती आबांची सून.

"शेवाळ फार झालंय तिथे," आबांनी वर न बघता म्हटलं आणि तेलाची वाटी इतोहकडे सरकवली.

इतोहच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंगणातलं ते माशांचं तळं रविवारीच समारंभासाठी उपसून काथ्याने घासलं होतं. घासणाऱ्यांत ती स्वतः होती. आज मंगळवार. दोन दिवसांत शेवाळ धरायला ते काय जादूचं तळं होतं?

बांबूच्या कामट्या बांधून झाल्या, याया आत चुलीशी गेली, तेव्हा इतोहने तोंड उघडलं.

"आबा, तळं परवाच घासलंय."

"पुन्हा धरलं असेल," आबा बाटलीला बूच लावत म्हणाले.

"आणि शेवाळाला पाच बोटं असतात?"

"इतोह, घरातली गोष्ट आहे."

"घरातली कशी? हा पेच तुम्ही अंगणात शिकवलात. तीनशे जणांना. मला शिकवलात, दार्सालाही शिकवलात."

दार्सा म्हणजे आबांचा मुलगा, यायाचा नवरा. येत्या सोमवारी, मुलूदच्या म्हणजे पैगंबर जयंतीच्या समारंभात, आबा तालमीची गादी त्याला देणार होते.

"तापट आहे तो," आबा म्हणाले. "गादीवर बसला की अंगावर जबाबदारी येईल. शांत होईल."

"म्हणजे कुत्रं चावतं, म्हणून त्याला अख्खी आळी राखायला द्यायची."

"चौऱ्याहत्तर वर्षांचा झालोय मी. त्याच्याशिवाय दुसरं कोण आहे मला?"

म्हाताऱ्याचा आवाज कापत होता. इतोहला कीव यायला हवी होती. आली नाही.

येणार तरी कशी? याच माणसाने तिला माणसात आणलं होतं. सव्विसाव्या वर्षी विधवा झालेली, टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकून पोट भरणारी इतोह या अंगणात आली ती छळणाऱ्या दिराचे दात पाडायला शिकायचं म्हणून. पण या चिकुलूर गावच्या तालमीत पहिलं वर्षभर मारणं शिकवतच नाहीत. समोरासमोर बसायचं, सुजेपर्यंत हातावर हात आपटायचे, आणि ज्याचा हात सुजवला त्याला आपणच तेल चोळायचं. "मारायला रेड्यालाही येतं," आबा म्हणायचे, "इथे चोळायला शिका." वर्ष संपलं तेव्हा दिराचे दात तिच्या डोक्यातून कधी गेले, तिलाही कळलं नाही. दर शुक्रवारी सगळे शपथ म्हणायचे: खोटं बोलणार नाही, माज करणार नाही, दुबळ्यावर हात टाकणार नाही. त्या शपथेवर तिने आयुष्य बेतलं. आणि ती शपथ सांगणारा माणूस आज बाटलीला बूच लावत होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

बुधवारी सकाळी याया तिच्या टेंपेच्या छपरात आली. केळीच्या पानांत बांधलेले सोयाबीनचे पुडे रांगेने लावलेले होते. इतोह नवे बांधत होती.

"चेउ, तुम्ही आबांशी बोललात म्हणे. आता समारंभात काही बोलू नका."

"का नको? चांगली चव्हाट्यावर आणते त्याला."

"तुम्ही बोलाल आणि तुमच्या घरी जाल. मला त्याच घरात जायचंय."

इतोहचे हात थांबले.

"अकरा वर्षं मी तुम्हा सगळ्यांचा भात रांधतेय," याया म्हणाली. "चुलीपुढच्या खिडकीतून सगळे डाव पाहिलेत. तो पेच सोडवतात कसा, तेही पाहिलंय. पण याया, ये, तूही उभी राहा, असं एकदासुद्धा कुणी म्हणालं नाही."

आता इतोहला स्वतःचाच संताप आला. अकरा वर्षं ती तो मसाल्याचा लिवेत भात मिटक्या मारत खात होती. वर वाळलेली मासळी कमी पडली म्हणून कुरकुरतही होती.

"शिकवा मला," याया म्हणाली.

"पाच दिवसांत हा पेच सुटत नाही, नेंग पोरी. खोटं कशाला सांगू?"

"मग पाच दिवसांत काय येतं?"

इतोहने हातातला पुडा खाली ठेवला. "हात पुढे करता येतो. आम्हालाही पहिल्या दिवशी तेच शिकवतात. मार बसणार हे माहीत असतं, तरी हात मागे घ्यायचा नाही."

यायाने डावा हात पुढे केला. इतोहने धरायला हात उचलताच तो झटकन मागे गेला. दुसऱ्यांदा, दहाव्यांदा, गुरुवारी दिवसभर तो मागेच जात राहिला. घाबरलेल्या हाताला मागे जायची किती सवय असते, हे इतोहला या बावीस वर्षांत दिसलं नव्हतं. शनिवारी तो नुसता थरथरला. रविवारी जागेवर राहिला.

"पुढचं तुझं तू ठरव," इतोह म्हणाली. "तू सांगितल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही."

सोमवारी अंगण गच्च भरलं. काळ्या कपड्यांतले तीनशे जण, शेजारच्या गावांतली पाहुणेमंडळी. आबांनी शपथ सांगितली, सगळ्यांनी म्हटली. दार्साचा आवाज सर्वांत मोठा. इतोह तेलाची वाटी घेऊन आबांच्या शेजारी बसली होती आणि तिचे दात एकमेकांवर घासत होते. ती शब्दाला बांधलेली होती, नाहीतर तिने ती वाटी त्याच्या डोक्यात घातली असती.

गादी देण्याआधी एक रीत असते. नवा गुरू अंगणाच्या मधोमध उभा राहतो आणि म्हणतो, ज्याला शंका असेल त्याने हात द्यावा. दरवेळी कुणीतरी दोस्त पुढे येतो, धाडकन आपटतो, लोक हसतात आणि काम पुढे चालू होतं. दार्साने बाह्या सारल्या.

"ज्याला शंका असेल त्याने हात द्यावा."

चुलीकडचं दार उघडलं आणि याया बाहेर आली. उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्याला भाताची शितं. ती सरळ चालत मधोमध आली आणि डावा हात पुढे केला.

"धरा."

सुरुवातीला दोघं-तिघं हसले. मग त्यांनी कामट्या पाहिल्या, वरचे पिवळे पडलेले बोटांचे वळ पाहिले. वर्षानुवर्षं एकमेकांचे हात चोळलेली माणसं ती, त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

"आत जा," दार्सा दबक्या आवाजात म्हणाला. "भात करपेल."

"भात उतरवलाय. मागच्या मंगळवारी धरला होतात तसा धरा."

दार्साने हात अर्धा उचलला आणि तसाच ठेवला. इतोह गुडघ्यांवर आली होती. त्याने नुसतं बोट लावलं असतं तरी तिने झेप घेतली असती. पण चार भिंतींत जो हात त्याने सहज मोडला होता, तो तीनशे डोक्यांसमोर धरायची त्याची छाती होईना. यायाचा हात मात्र होता तिथेच होता.

"आबा, हिला सांगा ना काहीतरी," दार्सा म्हणाला.

आबा उठले. सुनेकडे नाही, मुलाकडेही नाही, ते तळ्याकडे गेले. वाकून त्यांनी तळ्याच्या काठावरून, मग पाण्यातल्या पायरीवरून तळहात फिरवला आणि तो सगळ्यांना दाखवला. हात स्वच्छ होता.

"इथे शेवाळ नाही," ते म्हणाले. "मंगळवारीही नव्हतं. हाड बसवताना मला कळलं होतं. मी खोटं बोललो."

दार्साला त्यांनी हातानेच बाजूला व्हायला सांगितलं. तो फाटकाबाहेर गेला, कुणी त्याला अडवलं नाही आणि कुणी त्याच्या मागेही गेलं नाही. गादीची चटई तशीच रिकामी राहिली.

"आपल्या नियमाने मोडणाऱ्याने तेल चोळावं," एक जुना शिष्य चाचरत म्हणाला.

"चोळायला आधी हात द्यावा लागतो," याया म्हणाली. "तो मी त्यांना देणार नाही."

आबा खाली मान घालून उभे होते. लोक म्हणायला लागले, म्हाताऱ्याने शेवटी खरं सांगितलं. इतोहचा राग काही उतरला नाही. तीनशे जणांत बोललेलं खरं मंगळवारी तिघांत बोलता आलं असतं. तिने वाटी उचलली आणि यायाला पहिल्या रांगेत, नव्या शिष्यांच्या जागी, आपल्या समोर बसवलं.

मागून कुणीतरी विचारलं, "मग आता भात कोण वाढणार?"

"ज्यांचे दोन्ही हात धड आहेत ते," इतोह म्हणाली आणि तिने यायाचा डावा हात हातात घेतला.