तीन वाचने आणि एक तळहात

मी विश्वस्तांच्या सभेतली काशाची घंटा बोलते आहे. घंटा बोलते याचे आश्चर्य वाटून घेऊ नका. वाटायचेच असेल तर माझ्यासमोर अकरा वर्षे सात शहाणी माणसे बसली आणि त्यांतले कुणीच बोलले नाही, याचे वाटू द्या.

लोलकाची घंटा मी नव्हे. मी ओंजळीएवढ्या वाटीसारखी आहे. कापडी उशीवर बसते आणि लाकडी दांडीने वाजते. मला घडवणारा कारागीर कमी बोलायचा आणि फार ठोकायचा. पहिल्यांदा वाजवल्यावर त्याने कान जवळ आणला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "लांब जाते." याहून मोठी स्तुती त्याने कुणाची केल्याचे मला आठवत नाही.

मला विकत घेतले ते एका निवृत्त शिक्षिकेने. सगळे तिला 'बाई' म्हणत. बाईंनी काही उपासक जमवून एक धम्मसंस्था काढली होती. दोन मोठ्या खोल्यांची बैठी इमारत. एका खोलीत ध्यान आणि सभा. दुसऱ्या खोलीत पाच खाटा, ज्यांचे करणारे कुणी उरले नाही अशा आजारी माणसांसाठी. मधली भिंत अर्ध्या विटेची. बाई म्हणत, "इकडच्यांना तिकडचं कण्हणं ऐकू आलं पाहिजे, नाहीतर इकडे बसून उपयोग काय?" संस्थेच्या नियमावलीत हे वाक्य नाही. बाईंना वाटले, असल्या गोष्टी लिहून कशाला ठेवायच्या.

नियमावलीत जे आहे ते असे. प्राचीन भिक्षुसंघाच्या पद्धतीवरून बाईंनी ठरवले, की कोणताही प्रस्ताव तीनदा वाचावा, प्रत्येक वाचनानंतर घंटा वाजवावी, ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावे आणि ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. एकानेही हरकत घेतली, तर प्रस्ताव त्या दिवसापुरता पडतो.

पुढे एकदा पडद्यांच्या कापडावरून दोन विश्वस्त एकमेकांवर इतके ओरडले, की बाईंनी मला वाजवले आणि बजावले, "हिचा आवाज विरेपर्यंत कुणीही बोलायचं नाही. मग काय ते बोला." हाही नियम झाला. उत्तम नियम. दोघांचा राग माझ्या आवाजाबरोबर उतरला आणि पडदे आले.

दोन्ही नियम चांगले होते. प्रत्येक सुटा वाचला तर आजही त्यात खोट काढता येणार नाही.

बाई हयात होत्या तोवर काही बिघडले नाही. आवाज विरल्यावर त्या थांबत. एकेका चेहऱ्याकडे पाहत आणि विचारत, "पटलंय, की नुसतेच गप्प आहात?" मग कुणीतरी हसे, कुणीतरी खाकरे आणि खरी सभा तिथून सुरू होई.

त्यांच्यानंतर अध्यक्ष झाले ते 'सर'. एका महाविद्यालयातून प्राध्यापक म्हणून निवृत्त. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. त्यांना मनापासून शांतता आवडते, आणि शांतता आवडणाऱ्या माणसाच्या हाती दांडी गेली की जे होते ते झाले. सर मला वाजवत. माझा आवाज खोलीभर फिरे, खिडकीपर्यंत जाऊन परत येई आणि तो पुरता विरण्याच्या किंचित आधी सर सचिवांना मान हलवून खूण करत. सचिव, पेशाने वकील, दुसरे वाचन सुरू करत. पुन्हा मी, पुन्हा खूण, तिसरे वाचन. तिसऱ्यांदा माझा आवाज शेवटाला आला की सर हात जोडत आणि म्हणत, "सर्वानुमते मंजूर."

आवाज चालू असताना बोलणे नियमबाह्य, आणि आवाज थांबल्यावर प्रस्ताव मंजूर झालेला. मधे जागा नव्हती. जागा असायला हवी होती, हे कुणाच्या ध्यानात आले नसेल असे मला वाटत नाही. पण विरत चाललेल्या घंटेवर तोंड उघडणे ध्यानाला बसणाऱ्या माणसाला फार असंस्कृत वाटते.

म्हणून विरोध सभेत न होता चपलांच्या रॅकपाशी होई. रॅक माझ्या टेबलामागच्या खिडकीबाहेर होता. सभा संपली की सात माणसे एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायात चप्पल सरकवत आणि तेव्हा खरी मते देत. भिंतींना फिकट जांभळा रंग लावायचा ठराव याच पद्धतीने मंजूर झाला. त्यानंतर रॅकपाशी मी मोजले: सातांपैकी सातांना तो रंग नको होता. सरांनाही.

"मला वाटलं तुम्हाला हवाय," सर म्हणाले.

"मला? मला वाटलं तुम्हाला हवाय," सचिव म्हणाले.

वार्षिक अहवालात मात्र दरवर्षी एक वाक्य असे: 'संस्थेचा कारभार याही वर्षी पूर्णपणे मतभेदरहित राहिला.' बाहेरून पाहुणे आले की त्यांना हे वाक्य वाचून दाखवत आणि मग मला दाखवत.

अकराव्या वर्षी सरांनी एक प्रस्ताव आणला. ध्यानाला येणाऱ्यांची तक्रार होती, की भिंतीपलीकडून खोकला ऐकू येतो. प्रस्तावाची भाषा सुरेख होती: 'शुश्रूषा-कक्षाचे मौनकक्षात रूपांतर करावे व विद्यमान लाभार्थींचे अन्यत्र सन्मानपूर्वक स्थलांतर करावे.' अन्यत्र म्हणजे कुठे, ते लिहिलेले नव्हते. सन्मान कसा करायचा, तेही नाही.

शुश्रूषा-कक्ष सांभाळत होत्या सिस्टर. सरकारी रुग्णालयातून निवृत्त होऊन त्या इथे आल्या होत्या. पाचही खाटा त्यांच्या एकटीच्या जिवावर चालत. त्या विश्वस्त नव्हत्या. सभेला त्यांना बोलावत ते कामाचा अहवाल द्यायला. तो दिला की त्यांनी भिंतीलगतच्या खुर्चीवर मूकपणे बसायचे. प्रस्तावाची प्रत हाती आल्यावर त्या रॅकपाशी औषधवाल्या काकांना गाठून म्हणाल्या, "काका, चार नंबरचे आजोबा उठूनसुद्धा बसू शकत नाहीत. त्यांना हलवलं तर ते वाटेतच जातील. तुम्ही सभेत बोलाल ना?"

औषधवाले काका विश्वस्त होते आणि त्यांचे दुकान कोपऱ्यावरच होते. "बोलतो म्हणजे काय, सिस्टर! ठणकावून बोलतो. बघाच तुम्ही."

सभेच्या सकाळी खिडकी उघडी होती. सचिवांनी पहिले वाचन केले. सरांनी मला वाजवले. औषधवाल्या काकांनी घसा खाकरला. पण माझा आवाज चालू होता, म्हणून ते सभ्यपणे थांबले. दुसरे वाचन. मी पुन्हा. काका आता आपल्या सदऱ्याच्या बटणाकडे पाहत होते. त्या बटणात त्यांना इतके काय दिसत होते, मला कळले नाही. सिस्टर त्यांच्याकडे पाहत होत्या. तिसरे वाचन. 'अन्यत्र सन्मानपूर्वक' हे शब्द सचिवांनी जरा भरभर उरकले. सरांनी दांडी उचलली आणि मी वाजले.

मी स्वतःबद्दल खोटे बोलणार नाही. त्या क्षणी मला माझ्या लांब जाणाऱ्या आवाजाची लाज वाटली. सगळी खोली माझ्याआड लपली होती.

तेवढ्यात खुर्ची सरकली. सिस्टर उठल्या, दोन पावलांत टेबलापाशी आल्या आणि त्यांनी आपला उजवा तळहात माझ्यावर पालथा घातला.

जंतुनाशकाचा वास आला. तळहात खरखरीत होता. माझा आवाज जिथल्या तिथे संपला. विरला नाही, थांबला. इतक्या वर्षांत मला कुणी असे गप्प केले नव्हते.

"सिस्टर, हे काय?" सर दचकून म्हणाले. "तुम्ही विश्वस्त नाही. सभेत तुम्हाला बोलता येत नाही."

"मी कुठे बोलतेय, सर? नुसता हात ठेवलाय."

सर सचिवांकडे वळले. सचिवांनी नियमावली चाळली. "हात ठेवण्याबद्दल..." त्यांनी पान उलटले. "हात ठेवण्याबद्दल यात काही नाही."

आणि मग खोलीत शांतता पसरली. इतकी वर्षे तिथे शांततेच्या नावाने मीच वाजत होते. ही निराळी होती. हिच्यात कुठेही लपता येत नव्हते. भिंतीपलीकडे चार नंबरचे आजोबा खोकले. सातही जणांनी ऐकले, आणि सातही जणांनी इतरांनी ऐकले हेही पाहिले.

"मला मान्य नाही," कुणीतरी म्हणाले.

ते औषधवाले काका नव्हते. त्या शिवणकाम करणाऱ्या काकू होत्या. विश्वस्तांत एक तरी बाई असावी म्हणून त्यांना घेतले होते आणि आजवर त्यांनी सभेत एकच वाक्य उच्चारले होते: "पंखा जरा कमी करा."

"काय म्हणालात?" सरांनी विचारले. त्यात राग नव्हता. हा शब्दप्रयोग त्यांच्या कानांना खरोखरच अपरिचित होता.

"मान्य नाही म्हटलं. पाचही खाटांच्या चादरी मी शिवते, सर. माणसं कुठे न्यायची ते यात लिहिलेलंच नाही."

"अन्यत्र," सचिव म्हणाले.

"अन्यत्र कुठे?"

"अन्यत्र म्हणजे..." सचिवांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "अन्यत्र."

आता पुढे काय करायचे हे कुणालाच ठाऊक नव्हते. हरकत आल्यावरचा नियम शोधायला दहा मिनिटे लागली. इतक्या वर्षांत ते पान कुणी उघडलेच नव्हते. शेवटी प्रस्ताव त्या दिवसापुरता पडल्याचे जाहीर झाले. पुढच्या महिन्यात तो पुन्हा आणण्याची मुभा होती आणि सरांनी तो आणायचा निर्णय तिथेच जाहीर केला.

मात्र त्याआधी त्यांनी माझा बंदोबस्त केला. त्याच सभेत ठराव झाला, की जिच्यावर कुणीही हात ठेवू शकतो अशी घंटा सभाकार्यास योग्य नाही. यापुढे अध्यक्षांच्या मोबाइलमधली ध्वनिमुद्रित घंटा वापरावी आणि काशाची घंटा 'कृतज्ञतापूर्वक' शुश्रूषा-कक्षास द्यावी. सर्वानुमते मंजूर. काकू एवढेच म्हणाल्या, "द्या. तिथे लागेल."

ठरावात फक्त घंटा लिहिली होती, दांडी नव्हती. त्यामुळे दांडी बाईंची आठवण म्हणून काचेच्या कपाटात राहिली आणि मी एकटीच भिंतीपलीकडे आले.

इथे मी चार नंबरच्या खाटेजवळच्या स्टुलावर असते. आजोबा पूर्वी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत. बोटे अजून नेमकी चालतात, बाकीचे शरीर चालत नाही. पाणी हवे असेल, कूस बदलायची असेल, की ते औषधाच्या चमच्याने मला वाजवतात. चमच्याने माझा आवाज काही खास निघत नाही. घडवणाऱ्याने ऐकला तर तोंड फिरवेल.

"या, विश्वस्तबाई," पहिल्या दिवशी आजोबा मला म्हणाले. मग सिस्टरना म्हणाले, "काय गं, ही तिकडे वाजली की म्हणे सगळे गप्प बसायचे?"

"हो. अकरा वर्षं."

"आणि इथे वाजली की तू बडबडत येतेस. बिचारीची पार रयाच गेली."

"आजोबा, दहा मिनिटांत चौथ्यांदा वाजवलीत. आता काय हवंय?"

"काही नाही. येतेस का ते बघत होतो."

महिना झाला. सभेचा दिवस आला. सिस्टरना या वेळी अहवाल 'लेखी पाठवावा' असा निरोप होता. त्या आजोबांच्या पायाशी बसून पट्ट्या गुंडाळत होत्या आणि प्रत्येक पट्टी दोनदा गुंडाळत होत्या. भिंतीपलीकडून सगळे ऐकू येत होते. पहिले वाचन. मग ती मोबाइलमधली घंटा. खरे सांगते, तिचा आवाज माझ्यापेक्षा शुद्ध आहे. तिच्यावर तळहात ठेवून काही होत नाही. ठरवलेले सेकंद ती वाजते म्हणजे वाजतेच. दुसरे वाचन. पुन्हा तीच. आजोबांना खोकल्याची उबळ आली होती. त्यांनी उशीचे टोक तोंडात धरले आणि ती दाबून ठेवली, ऐकायचे होते म्हणून.

तिसरे वाचन संपले. घंटा सुरू झाली.

"मला मान्य नाही," काकूंचा आवाज आला, थेट घंटेवर.

"काकू, घंटा चालू आहे," सर कळवळून म्हणाले.

"असू दे. ती काही थांबायची नाही. मग मी कशाला थांबू?"

घंटा वाजत राहिली. तिच्याखालून, घोगरा आणि अर्धा अडकलेला असा आणखी एक आवाज आला. "मलाही नाही मान्य." औषधवाले काका. पाठोपाठ खुर्च्यांची हालचाल झाली, दोघे-तिघे एकदम बोलू लागले आणि सेकंद संपून ती शुद्ध घंटा थांबली तेव्हा कुणाच्या लक्षातही आले नाही.

मग सरांनी विचारले, "अजून कुणी?"

हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला. विचारताना त्यांचा आवाज नवख्या विद्यार्थ्यासारखा होता.

इकडे आजोबांनी उशी सोडली आणि पोटभर खोकून घेतले. सिस्टरनी त्यांची पाठ चोळली. "खोका," त्या म्हणाल्या. "आता खुशाल खोका."

सर अजूनही अध्यक्ष आहेत. प्रस्ताव ते पुन्हा आणतील, किंवा आणणार नाहीत. पाच खाटा आज तरी जागच्या जागी आहेत. यंदाच्या अहवालात 'मतभेदरहित' हा शब्द घालावा का, यावर विश्वस्तांत तीव्र मतभेद आहेत आणि त्यांचा आवाज रॅकपर्यंत न जाता सभेच्या खोलीतच चढतो, असे कानावर येते.

माझी विनंती एवढीच आहे. कुठे सभेत बसलात, समोर सारे शांत दिसले आणि तुम्हाला ते फार आवडले, तर हात जोडण्याआधी क्षणभर थांबा आणि शेजारच्या खोलीतून काही ऐकू येते का ते पाहा. याहून जास्त बोलायला मला सवड नाही. आजोबांनी चमचा उचलला आहे.