सुट्टीचे कपडे

बाळाबाईंच्या घरातलं कपाट उघडलं की दोनच रंग दिसत. वरच्या कप्प्यात पांढरा, खालच्या कप्प्यात खाकी. बाळाबाई इस्लामपूरजवळच्या एका खेड्यात उपकेंद्रावर नर्स होत्या आणि त्यांचे यजमान आप्पासाहेब एसटीत कंडक्टर. दोघांची मिळून पन्नासेक वर्षं नोकरी झाली होती आणि नोकरीनं सांगितलं तेच दोघांनी अंगावर घातलं होतं. बाळाबाईंची कामावरची साडी पिवळट पडली की ती घरात नेसायला यायची. आप्पासाहेबांची पँट गुडघ्यावर विरली की परसात झाडांना पाणी घालताना चालायची. लग्नाकार्याला दोन रेशमी साड्या होत्या, त्या डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत. चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला पुन्हा पांढरीच. त्यामुळं कपडे हा विषय त्या घरात कधी निघतच नसे. तो निघाला शहाण्णव सालच्या डिसेंबरात.

आप्पासाहेब त्या दिवशी दारातूनच बोलत आले. "पास मिळाला. चार दिवस रजा बी मिळाली. तू बी टाक रजा. मालवणला जायचं."

"मालवणला कोण हाय आपलं?"

"कोण न्हाई. म्हणून तर जायचं."

बाळाबाईंनी हातातली भाजी खाली ठेवली. आजवर त्या गावाबाहेर गेल्या होत्या त्या लग्नाला, मयताला, बाळंतपणाला, नागपूरला दीक्षाभूमीवर आणि ट्रेनिंगला. नुसतंच जायचं, कशासाठी तरी नाही, हे त्यांना जरा अवघडच वाटलं. पण नवऱ्याच्या तोंडाकडं बघून त्या "बरं" म्हणाल्या.

"आन् नवीन कापडं घ्यायची," आप्पासाहेब म्हणाले. "मला एक रंगीत टीशर्ट घ्यायचा हाय."

"ह्या वयात टीशर्ट? आवं, लोक काय म्हणतील?"

"कुठली लोकं? मालवणची?"

"तेच म्हणते मी. तिथं आपल्याला वळखतंय कोण? मग कापडं कुणाला दाखवायची? धुतलेली, इस्त्रीची असली म्हंजे झालं."

आप्पासाहेब खाली बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुला म्हाईत न्हाई. मला तिथं समदं गाव वळखतंय. आठ वर्सं मालवण गाडी केली मी. संध्याकाळी पोचायचं, बॅग उशाशी घेऊन स्टँडवर झोपायचं, पहाटं गाडी काढायची. समुद्र स्टँडपासनं कितीसा लांब? एकदाच गेलो होतो. वाळूत उभा ऱ्हायलो तर एक म्हातारा आला आन् म्हणाला, कंडक्टर, कोल्हापूरची शेवटची गाडी गेली का हो? दुसरा म्हणाला, माझं सुट्टं ऱ्हायलंय तुमच्याकडं. परत गेलोच न्हाई. खाकीत समुद्र बघता येत न्हाई बघ."

बाळाबाईंना हसू आलं, पण त्या हसल्या नाहीत. माणूस मनापासून बोलत होता. "तुमी घ्या," त्या म्हणाल्या. "मला नगं. माझ्या पांढऱ्या चांगल्या हायत."

खरं सांगायचं तर त्या पांढऱ्या साडीवर त्यांचा जीव होता. ती नेसून त्या वाड्यावस्त्यांवर गेल्या की ज्यांच्या ओट्यावर त्यांच्या आईला कधी बसायला मिळालं नव्हतं, त्या घरच्या बायका "या सिस्टर" म्हणून खुर्ची पुढं सरकवत. साडी उतरवली की आपण कोण उरतो, याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता, आणि करायची त्यांना इच्छाही नव्हती.

रविवारी दोघं सांगलीला गेली. त्यांची लेक माया तिथं दिलेली होती. तिला बरोबर घेऊन पेठेतल्या एका दुकानात शिरली. आप्पासाहेबांनी आभाळी रंगाचा कॉलरचा टीशर्ट आणि करडी पँट दहा मिनिटांत पसंत केली. आरशासमोर मात्र अर्धा तास उभे राहिले. माया बापाला म्हणाली, "दादा, कॉलेजात नाव घाला आता." ते लाजले.

मग माया आईला साड्यांच्या बाजूला घेऊन गेली. गादीवर बसलेल्या माणसानं बाळाबाईंकडं एकवार बघितलं आणि काही न विचारता पांढऱ्या साड्यांचा गठ्ठा पुढं ओढला. "सिस्टर, हा कपडा बघा. हॉस्पिटलच्या बायका हाच नेतात. कितीही धुवा."

"पांढरी नको हो, रंगीत दाखवा," माया म्हणाली.

"असू दे," बाळाबाई उठल्या. "कपडा बरा हाय, पण आत्ता नगं."

घरी आल्यावर मायानं स्वतःचं कपाट उघडलं आणि पलंगावर पाच-सहा साड्या टाकल्या. हिरवी, निळी, फुलाफुलांची. "विकत घ्यायची नसली तर माझी ने. चार दिवसांनी परत दे."

बाळाबाईंनी साड्यांच्या घड्या घालायला सुरुवात केली. "माझी आई म्हसवडजवळच्या गावात लोकांची भांडी घासायची, तुला म्हाईत हाय. तिला वर्साला एक साडी मिळायची, त्यांच्या अंगावरनं उतरलेली. छप्पन साली दीक्षा घेऊन माणसं परत आली, त्या वर्सी तिनं साडी घेतली न्हाई. आता उतरलेलं नगं म्हणाली. म्हसवडच्या बाजारातनं स्वतःच्या मजुरीचं पांढरं जाडंभरडं पातळ आणलं. आमच्या घरातलं पयलं कोरं कापड ते. मी अकरा वर्सांची होते. कोऱ्या कापडाचा वास मी तवा पयल्यांदा घेतला."

"आई, मी काय परकी आहे का?"

"तू परकी न्हाईस गं. पर सवय तशीच लागली. दुसऱ्याचं नेसवत न्हाई."

मायानं साड्या परत आत ठेवल्या आणि आईला चहा दिला.

जायच्या दिवशी बाळाबाईंनी पिशवीत तीन पांढऱ्या साड्या भरल्या. आप्पासाहेब पहाटेपासून टीशर्ट घालून तयार होते. गाडीवरचा कंडक्टर जोतीराम नावाचा नवा पोरगा होता, दुसऱ्या डेपोतून आलेला. तो जवळ येऊन म्हणाला, "काका, तिकीट?" आप्पासाहेबांनी पास काढून दाखवला आणि बायकोला कोपरानं ढोसलं. कुणीतरी आपल्याला तिकीट विचारतंय, याचाच त्यांना आनंद झाला होता.

बाळाबाईंचा प्रवास निराळा झाला. कोल्हापूर सुटतं न सुटतं तोच पुढच्या बाकावरची बाई मागं वळली. "सिस्टर, याला रात्रीपासनं जुलाब आहेत, काय देऊ?" त्यांनी मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते सांगितलं. फोंडा घाटात दोघीतिघींना उलट्या लागल्या, तेव्हाही हाका यांनाच. आप्पासाहेब खिडकीतून दरी बघत होते आणि बाळाबाई कुणाचं तरी कपाळ धरून उभ्या होत्या.

मालवणात त्यांनी परब म्हणून कुणाच्या घरी एक खोली घेतली होती. परबकाकूंनी दारात पाणी दिलं, पांढऱ्या साडीकडं बघितलं आणि विचारलं, "तुम्ही दवाखान्यातल्या काय हो?" त्यांच्या सासूच्या पायाला महिनाभर जखम होती. बाळाबाईंनी पिशवी ठेवली आणि हात धुतले. पाणी उकळायला लावलं, जखम स्वच्छ केली, पट्टी बांधली, म्हातारीला साखरेची तपासणी करायला सांगितलं. म्हातारी बोलकी निघाली. दिवेलागण झाली. आप्पासाहेब मधेच येऊन दारातून बघून गेले आणि एकटेच समुद्रावर गेले.

परतले तेव्हा करडी पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि चेहरा फुलला होता.

"कुणी वळखलं न्हाई?" बाळाबाईंनी विचारलं.

"एकानं बी न्हाई. शहाळंवाल्यानं तर पाव्हणं म्हणून बसायला फळकूट दिलं. म्हणाला, काय करता? म्या म्हटलं, शेती हाय. ऊस."

"ऊस?"

"तोंडातनं गेलं. मग त्यानं इचारलं, किती एकर? म्या म्हटलं, सात."

बाळाबाईंनी कपाळाला हात लावला. आप्पासाहेबांच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर सात गुंठे नव्हते. "आवं, फुकटचीच जमीन, मग सातच कशापायी? पंचवीस तरी सांगायची."

दोघंही खूप हसली, पलीकडून म्हातारीनं काय झालं म्हणून विचारावं इतकी. मग आप्पासाहेब पलंगाच्या कडेवर बसले आणि त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. "बोललो आन् आतनं कसंनुसं झालं बघ," ते म्हणाले. "अठ्ठावीस वर्सं त्या खाकीवर घर चाललं, आन् पयल्याच दिवशी म्या तिला न्हाई म्हटलं."

"उद्या सांगा त्याला खरं."

"आता कसं सांगायचं?" असं म्हणून ते आडवे झाले.

सकाळी बाळाबाईंनी दुसरी पांढरी साडी पिशवीतून काढली, उलगडली आणि हातात धरून उभ्या राहिल्या. बाहेर ओट्यावर शेजारच्या दोन बायका आल्या होत्या. परबकाकू त्यांना सांगत होत्या, "उठल्या की विचारूया, हाताला गुण आहे त्यांच्या." बाळाबाईंना त्या बायकांचा राग आला नाही. कालचं कामही त्यांनी आवडीनं केलं होतं. पण समुद्र इथून हाकेच्या अंतरावर होता, रात्रभर त्याचा आवाज कानावर येत होता, आणि आपण तो अजून बघितलेला नाही, हे त्यांना एकदम जाणवलं. ही साडी नेसून बाहेर पडलं तर आजही बघणं होणार नाही. नवरा खाकीबद्दल बोलला होता ते त्यांना आत्ता कळलं.

त्यांनी साडी नेसली, बाहेरच्या दोघींचं ऐकून घेतलं, जे सांगायचं ते सांगितलं, आणि आप्पासाहेबांना "आलेच" म्हणून एकट्या बाजारात गेल्या. एका लहानशा दुकानात त्यांच्याच वयाची बाई बसली होती.

"कोणासाठी बघताय?"

"माझ्यासाठी."

"कामाला की कार्याला?"

"दोन्हीला न्हाई," बाळाबाई म्हणाल्या. "समुद्रावर जायला."

बाईनं मान हलवली, जणू असं गिऱ्हाईक रोजच येतं. "रंग कुठला?"

यावर मात्र बाळाबाई अडल्या. हा प्रश्न त्यांना शेवटचा कुणी विचारला होता ते आठवेना. बाईनं एकेक घडी काढली. पिवळ्यावर त्यांचा हात थांबला, पुढं गेला. मग एक आमसुली सुती साडी आली, आमसुलं भिजत घातल्यावर पाण्याला येतो तसल्या रंगाची. बाळाबाईंनी ती नाकाशी नेली, कोरा वास घेतला आणि म्हणाल्या, "ही."

"पहिल्या पाण्यात रंग सोडेल हां. वेगळी भिजवा."

खोलीवर जाऊन त्यांनी ती नेसली. आरसा हाताएवढाच होता, त्यात तुकड्यातुकड्यानं बघितलं. आप्पासाहेब दाढी करत होते. ते वस्तरा हातात धरून बघतच राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "चल लौकर. ऊन व्हायच्या आत."

ओट्यावर परबकाकूंनीही क्षणभर ओळखलं नाही.

वाळूवर पोचताच बाळाबाईंनी चपला काढल्या, साडी जरा वर खोचली आणि त्या पाण्यात गेल्या. लाट आली, पायाखालची वाळू ओढून घेऊन गेली, तशा त्या "अगं बाई" म्हणून मोठ्यानं ओरडल्या. दुसऱ्या लाटेनं साडी गुडघ्यापर्यंत भिजवली. दुकानातली बाई खरं बोलली होती. रंग सुटला, परकराची कड जांभळी झाली, पायावर ओघळ आले. त्यांनी खाली बघितलं आणि तशाच पुढं गेल्या.

शेजारी पुण्याकडची एक बाई पाण्यात उभी होती. तिनं गप्पा काढल्या. "कुठून आलात? काय करता तुम्ही?"

"नर्स हाय इस्लामपूरला," बाळाबाई म्हणाल्या. जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "पण आत्ता सुट्टीवर हाय."

ती बाई "हो का" म्हणाली आणि समुद्राकडं बघू लागली. तिनं कुठलंही दुखणं सांगितलं नाही.

मागं आप्पासाहेबांना शहाळंवाल्यानं गाठलं होतं. बाळाबाई पाण्यातून वर आल्या तेव्हा तो विचारत होता, "बागायतदार, यंदा उसाला भाव काय तुमच्याकडे?"

आप्पासाहेबांनी बायकोकडं बघितलं. बाळाबाई पदर पिळत होत्या.

"गड्या, खरं सांगू का?" आप्पासाहेब म्हणाले. "माझा ऊसबीस काय न्हाई. मी कंडक्टर हाय. आठ वर्सं ह्याच मालवण गाडीवर होतो."

शहाळंवाल्यानं कोयता खाली ठेवला. "तरीच! काल आवाज ऐकला तेव्हापासून डोकं खातोय, हा आवाज कुठं ऐकला म्हणून. चला पुढं सरका, मधे जागा हाय! तेच ना तुम्ही?" तो मांडीवर थाप मारून हसला आणि त्यानं दोन शहाळी फोडून हातात दिली. सात एकरांबद्दल तो पुन्हा काही बोलला नाही. आप्पासाहेब शहाळं पीत खाली वाळूत बसले आणि त्याच्या मुलाच्या एसटीतल्या भरतीबद्दल त्याला नीट माहिती सांगत राहिले, चांगला तासभर.

तिसऱ्या दिवशी दोघं होडीतून किल्ल्यावर निघाली. साडी रात्री धुऊन वाळवली होती. रंग जरा उतरला होता, पण नेसायला ती आता मऊ लागत होती. होडी धक्क्यापासून सुटली आणि एका बाजूला कलली, तसा आप्पासाहेबांनी फळीचा काठ घट्ट धरला. अठ्ठावीस वर्षं धावत्या गाडीत, कशाला न धरता, तिकिटं फाडत उभा राहिलेला माणूस पार पांढरा पडला.

"काय झालं?"

"ह्याला रस्ता कुठं हाय?" ते पाण्याकडं न बघता म्हणाले.

बाळाबाई सरकून त्यांच्याजवळ बसल्या. त्यांनी त्यांचा हात फळीवरून सोडवला आणि आपल्या हातात घेतला. चारचौघांत असा हात त्यांनी कधी धरला नव्हता. होडीत वीसएक माणसं होती, पण ओळखीचं कुणी नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी तो सोडला नसता. किल्ला जवळ येईपर्यंत आप्पासाहेब डोळे मिटून बसले होते. बाळाबाई मात्र दोन्ही बाजूंना मान वळवून वळवून सगळं बघत होत्या.