सात नंबरला शेवटची हाक

डॉक्टर एझ्रा प्रुइट या खोऱ्यात आले तेव्हा आजारी माणसाला हॉस्पिटलात पोचवायचं काम लुबोविकांची शववाहिका करायची. लुबोविकांचा धंदा अंत्यविधीचा. गाडी लांब, खिडक्यांना पडदे, आत माणूस आडवा. पेशंट वाटेत गेला तरी गिऱ्हाईक हातचं जात नसे. डॉक्टरांनी हा सोयीचा धंदा मोडला. पोलादाचा कारखाना बंद पडून घरी बसलेली माणसं त्यांनी गोळा केली, त्यांना छाती दाबायला आणि श्वास द्यायला शिकवलं, आणि एका जुन्या व्हॅनमध्ये ऑक्सिजनच्या टाक्या बांधल्या. गाडी एकच होती, पण तिला नंबर दिला सात. ‘एक’ म्हटलं असतं तर दुसरी नाही हे लोकांना कळलं असतं. पुढे गाड्या वाढल्या, बदलत गेल्या, पण वरच्या खोऱ्यातली गाडी सातच राहिली. आणि रेडिओवर डॉक्टरांनाही सगळे सातच म्हणत.

त्याच घराण्यातला चेट लुबोविक आता काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याचा, कमिशनर होता. डॉक्टर वारल्यावर त्यांचा सन्मान करायची सगळ्यांत जास्त घाई त्यालाच झाली.

कंट्रोल रूममध्ये येऊन तो व्हेराच्या टेबलावर टेकला. काउंटीतल्या सगळ्या रुग्णवाहिका व्हेराच्या आवाजावर चालत.

“व्हेरा, आपल्या शाळेतला मोठा फुटबॉलपटू खेळ सोडतो तेव्हा आपण काय करतो?”

“सुटकेचा निःश्वास सोडतो.”

“त्याचा नंबर निवृत्त करतो! जर्सी काचेच्या पेटीत ठेवतो. तसंच करायचं. सात नंबर निवृत्त. गाडी कचेरीसमोर चौथऱ्यावर उभी करायची, खाली पितळी पाटी.”

“अरे, पण ती गाडी रोज धावते. जर्सी घालून कुणाला हॉस्पिटलात नेतात का?”

“वरच्या खोऱ्यात खालच्या गावातली गाडी जाईल ना.”

“मधे रेल्वेचं फाटक आहे. मालगाडी आली की तिचे डबे मोजत बसायचं.”

“पुढच्या बजेटमध्ये नवीन गाडी बघू,” चेट म्हणाला. हेच वाक्य त्याच्या वडिलांनी, ते कमिशनर असताना, फाटकावरच्या पुलाबद्दल वापरलं होतं. पूल अजून यायचा होता.

व्हेराचा भाऊ एमिल वरच्या खोऱ्यात एकटा राहत होता. सातने त्याचं हृदय दोनदा चालू केलं होतं, आणि दोन्ही वेळा शुद्धीवर येताच त्याने सिगारेट मागितली होती.

चेटने ठराव स्वतःच लिहिला. रुग्णवाहिकेवरचं कुणी वारलं की कंट्रोल रूमने त्याचा नंबर रेडिओवर तीनदा पुकारायचा, उत्तर येत नाही, मग तो सेवेतून मुक्त झाल्याचं जाहीर करायचं, ही इथली जुनी रीत. भलेभले रडतात. चेटने तीच ठरावात घातली: ‘तिसऱ्या हाकेलाही उत्तर न आल्यास सात हा क्रमांक आणि त्याचे वाहन सेवेतून कायमचे कमी होईल.’ स्वतःचं वाक्य वाचून त्याचेच डोळे भरून आले. ठराव काउंटीच्या सभेत एकमताने मंजूर झाला.

“त्या वेळी कुणी मधे बोलायचं नाही, एवढं सगळ्या गाड्यांना सांगून ठेव,” तो व्हेराला म्हणाला. “निदान सातला तरी. नाहीतर तुझ्या जागी दुसरी माणसं आहेत माझ्याकडे.”

“सांगते,” व्हेरा म्हणाली.

समारंभाच्या सकाळी तिने एमिलला फोन केला.

“येतोयस ना? चर्चच्या बायका बटाटा भरलेल्या पिरोगी तळतायत.”

“माझ्याच गाडीचं पिंडदान बघायला येऊ? त्या लुबोविकला सांग, बापाने जिवंत माणसं शववाहिकेत घातली, हा रुग्णवाहिकाच पुरायला निघालाय. ठेव फोन. छातीत जळजळतंय माझ्या.”

“काय खाल्लंस?”

“राग.”

कचेरीसमोर शाळेचा बँड वाजला, झेंडे फडकले. चौथरा तयार होता. पाटीही आधीच ओतून बसवली होती: ‘ही गाडी येथे कायम उभी आहे.’ फक्त गाडीचा पत्ता नव्हता. ती धुऊनपुसून, काळी फीत लावून यायची होती.

“कंट्रोल रूममधल्या बदलीच्या मुलीने वाटेत कॉल दिला असेल तिला,” व्हेरा म्हणाली.

“आज कसला कॉल?” चेट चिडला, आणि सुरुवात कर म्हणून त्याने हात हलवला.

लाउडस्पीकरला जोडलेला रेडिओ व्हेराने हातात घेतला. सातवर पेशंट सांभाळणाऱ्या ओडेसाला काल तिने दोनदा बोलावून घेतलं होतं, आणि दोन्ही वेळा हवापाण्याच्या गप्पा मारल्या होत्या. हाकेला उत्तर देऊ नकोस हे वाक्य काही तिच्या तोंडातून फुटलं नव्हतं.

“कंट्रोल टू सात.”

पहिल्या रांगेत रुमाल निघाले.

“कंट्रोल टू सात.”

चेटने टोपी छातीशी धरली. व्हेराने बटण पुन्हा दाबलं. तिसऱ्या हाकेनंतर एमिलला फाटकापलीकडच्या गाडीची वाट बघावी लागणार होती.

“कंट्रोल टू सात.”

“सात बोलतेय!” लाउडस्पीकर दणाणला. “सॉरी, दोन्ही हात अडकले होते. हार्ट अटॅक, पुरुष, शुद्धीवर. हॉस्पिटलला तयार राहायला सांग.” मागून कुणीतरी खेकसलं, “हा मास्क काढा आधी! सिगारेट कुठाय माझी?”

व्हेराने तो आवाज ओळखला.

“सात, संदेश मिळाला. हॉस्पिटलला कळवते. चॅनल तुझाच.”

चेट तिच्या अंगावर धावून आला. “तू सांगितलं नव्हतंस त्यांना? परत घे! पहिल्यापासून!”

“चेट,” पहिल्या रांगेतून डॉक्टरांच्या बायकोने हाक मारली. तिने रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला. “खाली बस बाळा. उत्तर आलं.”

“पण मिसेस प्रुइट, सन्मान—”

“ठराव तूच लिहिलास ना? उत्तर न आल्यास. एझ्रा जेवणाच्या टेबलावरून उठून जायचा या हाकेला. आज तोही बसला नसता इथे, आणि तुझं भाषण असतं तर नक्कीच नाही.”

बँडवाल्यांना वाटलं कार्यक्रम संपला. त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली.

एमिल तिसऱ्यांदा वाचला. व्हेराला चेटने काढलं नाही; ‘उत्तर आल्याबद्दल’ कुणाला काढता येईल असा ठराव त्याला जमेना. चौथरा आणि पाटी मात्र आहेत. बाहेरगावचं कुणी रिकाम्या चौथऱ्यापुढे पाटी वाचत उभं राहिलं आणि गाडी कुठाय विचारलं, की पिरोगी विकणारी बाई मान वर न करता सांगते, “कॉलवर गेलीय.”