दार उघडं ठेवून

"भैऱ्या, गुहंत कुटला आलाय दिवस? दरड पडून तोंड बुजलंय तिचं! आत नुसती रातच रात!"

तुकीनं हे असं ठसक्यात सांगितलं की मागच्या पट्टीवरची तिसरीतली पोरं खिदळायची थांबली. खुर्चीत बसलेल्या जयसिंग गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हसू लपवायला उगाच खोकले.

तुकाबाई हे तिचं हजेरीतलं नाव. एरवी ती तुकीच. वय चौदा. सातवीत सगळी मिळून तीन मुलं, त्यात मुलगी ही एकटी. धनगराची पोर. धरणाच्या पाण्याकाठी ती एवढीशी शाळा, एक खोली, एक दार, दोन खिडक्या आणि पहिली ते सातवीची सगळी प्रजा तरटाच्या पट्ट्यांवर. पाडवा होऊन गेलेला, उन्हं तापायला लागली म्हणून सकाळची शाळा सुरू झालेली.

आदल्याच दिवशी गुरुजींनी तिच्या हातात एक जाडजूड पुस्तक ठेवलं होतं. पुण्याला जुन्या बाजारात मिळालेलं, पुठ्ठा कधीच गेलेला, नाव कुणालाच ठाऊक नाही.

"माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चाललाय, तुका. बारीक अक्षर म्हणजे नुसती मुंग्यांची रांग दिसते. तू वाच. पण आधी या पोरांना कादंबरी म्हणजे काय ते समजावून सांग. एकदम वाचायला लागलीस तर झोपतील."

वर प्रस्तावना म्हणून त्यांनी एक कागदही लिहून दिला होता. त्यावर लिहिलं होतं, 'मानवी जीवनातील श्रद्धेचे स्थान.' तुकीनं ते पहिलं वाक्य वाचलं मात्र, गोजराबाईच्या भैरूनं अशी जांभई दिली की तिच्यात चिमणीनं घरटं बांधलं असतं! तुकीनं कागदाची घडी घातली आणि पोलक्यात खोचली.

"हे बघा," ती म्हणाली, "कादंबरी म्हंजी लांब गोष्ट. लांब म्हंजी किती? हितनं पौडाला चालत जाताना सांगत गेलं, अन् माघारी येताना सांगत आलं, तरी उरंल. सुरवात मी काल सांजंला वाचली. आता ऐका. पाच जणं डोंगरातनं चाललेली. पाऊस आला म्हणून गुहंत शिरली. अन् वरनं दरड आली! धाड्! तोंड बंद. आत एक दगडाचा देव, त्याच्यापुढं एक पणती, अन् तेलाचा एक बुधला. खायाला कायबी न्हाई. आता सांगा, तेल देवापुढं जाळायचं, का प्यायचं?"

झालं! वर्गाचे दोन तट पडले.

"प्यायचं! देवाला काय भूक लागती?"

"अन् देव अंधारात बसंल व्हय रं? तुला बसवू का?"

"देवालाच इचारा की," दुसरीतली रत्ना म्हणाली, आणि तिला सगळे हसले. पण तुकी हसली नाही.

"त्या पाचांत एक म्हातारीबी हाय," ती आवाज उतरवून म्हणाली. "ती म्हणती, गारठ्यात जो झोपला त्यो गेला. म्हणून झोपायचं न्हाई. पाळीपाळीनं एकेकानं गोष्ट सांगायची. जवर गोष्ट चालू, तवर माणूस जित्तं."

आता भैरूसुद्धा पुढं सरकून बसला होता. पण गप्प बसेल तर तो भैरू कसला!

"पर तुके, दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. माझी आय म्हणती."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली, मागची तिसरीतली तेवढी खिदळली. मामा नाही असं एकही पोर तिथं नव्हतं. आणि तुकीला तर ते फारच लागलं, कारण तिचा मामा खरोखर वाटेवर होता. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं आणि चैत्री पुनवेच्या आत घाट चढून वर यायचं, हा धुळाजीमामाचा दरसालचा नेम. आणि मामा तरी कसा! सात वर्षांच्या तुकीला खांद्यावर बसवून यानंच शाळेत आणलं होतं. बाप खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेलेला, आई 'पोरीला कशाला' म्हणत उंबऱ्यात उभी. आणि मामानं तिला गुरुजींच्या टेबलावरच ठेवलं होतं, गुळाच्या ढेपेसारखं. "गुरुजी, ही मेंढरांशीबी भांडती. शिकवा हिला. कुणीतरी साहेबांशी भांडाया पायजे."

अशा मामाची वाट चुकवायची? पण गोष्टही सोडवेना. मग तिला ते गुहेतल्या रातीचं सुचलं आणि तिनं भैरूला ते ठसक्यात सुनावलं. गुहेत दिवस नाही, म्हणजे गोष्ट दिवसा नाही! आणि तेवढ्यावर कशाला थांबायचं?

"ए, दार लाव! खिडक्या लावा!"

धडाधडा पोरं उठली. दार लागलं, खिडक्या लागल्या. खोलीत काळोख झाला. फक्त कौलाच्या फटीतून एक कवडसा खाली आला होता. तुकी पुस्तक घेऊन त्या कवडशात जाऊन बसली.

"झाली रात," ती म्हणाली आणि वाचायला लागली.

काय ते दिवस होते! गुरं राखायचं सोडून पोरं शाळेत यायला लागली. दार लावायला भांडणं. एक पोरगं तर घरून घोंगडं घेऊन आलं, गुहेत गारठा असतो म्हणून, भर चैत्रात! गुहेतल्या माणसांनी रोज थोडं तेल देवापुढं जाळलं आणि थोडं बोट बुडवून चाटलं. सोनारानं चोराची गोष्ट सांगितली, चोरानं देवाची. वरून कुणी दगड उपसतंय असं त्यांना मधूनच वाटायचं आणि मग काहीच ऐकू यायचं नाही. तुकी वाचायची आणि कुणी श्वास सोडला तरी कळायचं. आपल्या एका आवाजावर तीस डोकी अशी टांगून राहतात, हे तिला नवंच होतं. घरी जाताना ती चालायची नाही, उड्या मारायची.

चैत्री पुनव आली, आणि मामा आला नाही.

दुसरा दिवस गेला. चौथा गेला. आठवा गेला. तानूबाई, तुकीची आई, रोज भाकरी जास्तीची थापायची आणि संध्याकाळी ती कुत्र्याला घालायची. आणि मग पाण्यावर भैरूच्या आईनं, गोजराबाईनं, तिला गाठलं.

त्या दुपारी तुकी घरात शिरली तेव्हा आई चुलीपुढं नुसतीच बसलेली. चूल पेटलेली नव्हती.

"शाळंत काय सांगतीस गं तू? भर दिवसा?"

"आये, ते पुस्तकातलं... अन् आमी दार लावतो. रात करतो."

"दार लावल्यानं रात व्हती व्हय?" तानूबाई उठली. "सूर्याला फसवलंस, पोरांस्नी फसवलंस. वाटंला फसवशील? माझा भाऊ कुटल्या रानात हिंडत आसंल अन् तू गोष्टी सांगतीस! आण ते हिकडं."

तिनं पुस्तक एका फडक्यात बांधलं आणि आढ्याला टांगलं, उंदरांपासून बियाणं टांगतात तसं.

"धुळाजी येईस्तवर हात लावायचा न्हाई. अन् शाळाबी नगं."

तुकी भांडली नाही. मेंढरांशी भांडणारी पोर, पण त्या दिवशी तिनं दप्तर तेवढं खुंटीला अडकवलं. कारण आई जे बोलली तेच तिला पुनवेपासून आतून कुणीतरी सांगत होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती शेळ्या घेऊन डोंगराच्या धारेवर जायला लागली. तिथून घाटाची वाट दिसते. पोरं तिच्या मागं लागायची. रत्ना तर रडकुंडीला आली.

"तुकाक्का, तेल संपलं का गं? येवढंच सांग."

"न्हाई सांगणार."

"म्हातारी मेली?"

"जा म्हणते ना!"

गुरुजी स्वतः चढ चढून आले, काठी टेकत. तानूबाईनं त्यांना ताक दिलं, पदर नीट केला.

"तानूबाई, पोर हुशार आहे. परीक्षा तोंडावर आली."

"गुरुजी, तुमी देवमाणूस. पर भाऊ माझा वाटंवर हाय, तुमचा न्हाई."

गुरुजींनी ताक संपवलं. भांडं खाली ठेवलं आणि उतार उतरून गेले. चाचपडत, एकेक पाऊल बघत. तुकीला त्यांचा हात धरावासा वाटला, पण शेळ्या होत्या.

तिसऱ्या दिवशी धारेवरून तिला धूळ दिसली.

मेंढरं! आधी धूळ, मग आवाज, मग पांढऱ्या-काळ्या पाठींचा लोंढा. तुकी दगडावर चढली. ओरडायला तोंड उघडलं, आणि मग तिनं नीट पाहिलं. मेंढरं फार होती. एका माणसाची नव्हती. निळ्या खुणेची, मामाच्या जोडीनं कोकणात जाणाऱ्या पिराजीची, आणि त्यांत मिसळलेली तांबड्या खुणेची मामाची. मामाचा कुत्रा, वाघ्या, पिराजीच्या पायात चालत होता. आणि पिराजीच्या खांद्यावर दोन काठ्या होत्या.

तुकी दगडावरून खाली उतरली, हळूच, जणू जोरात उतरलं तर काही मोडेल.

पिराजी अंगणात बसला आणि बराच वेळ पाणीच पीत राहिला. मग म्हणाला, "वैनी, ताप व्हता. शिमग्याच्या दुसऱ्या दिशी गेला. तितंच माती दिली. दोघांची मेंढरं एकट्यानं आणायची, लई येळ लागला. माफी द्या."

तानूबाईचा आवाज पाण्यापलीकडच्या वाडीपर्यंत गेला असेल.

त्या रडण्यात तुकीही रडली. पण एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नाही. शिमगा हा शब्द ऐकल्याबरोबर, रडू यायच्या आधी, तिच्या मनानं मोजून टाकलं होतं: शिमगा आधी, पाडवा नंतर. गोष्ट आपण पाडव्यानंतर सुरू केली. आणि क्षणभर तिला हलकं वाटलं होतं. मामा गेला आणि आपल्याला हलकं वाटलं! त्या हलकेपणाची तिला इतकी शरम वाटली की दोन दिवस तिनं कुणाच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

बायका भेटायला आल्या. गोजराबाईनं तानूबाईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. "गोष्टीनं न्हेलं गं तुझ्या भावाला! म्या सांगत हुते!"

तानूबाईनं तिचे हात गळ्यातून सोडवले. डोळे पुसले. सगळ्या बायका ऐकत होत्या.

"गोजराक्का, त्यो शिमग्याला गेला. पोरीनं पुस्तक धरलं पाडव्यानंतर. मीबी तिला बोलले, ती माझी चूक. पर आता पुन्यांदा कुणी तिच्या माथी मारायचं न्हाई."

गोजराबाईनं पदर तोंडाला लावला. कोपऱ्यात बसलेल्या तुकीनं पहिल्यांदाच मान वर केली.

सुतक फिटलं त्या दिवशी तानूबाई भाकऱ्या थापत होती. परातीतलं पीठ सारखं करता करता तिनं विचारलं, "ती बाहेर आली का?"

"कोण?"

"ती गुहंतली."

तुकीला आधी कळेचना. आईला गुहेचं कुणी सांगितलं? रत्नानं? भैरूनं? का दाराआड उभी राहून आईनंच कधी...

"अजून न्हाई, आये. दगड उपसत्यात वरनं. पर तेल संपत आलंय."

"मंग?" तानूबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "किती दिस कोंडून ठेवतीस त्यांस्नी? उद्या जा. पर दार लावायचं न्हाई. लपून काय सांगायचं न्हाई आता."

तिनं हात धुतले, पाटावर चढली आणि आढ्याचं गाठोडं सोडलं.

दुसऱ्या दिवशी तुकी शाळेत आली ती आईला आणि वाघ्याला घेऊन. तानूबाईच्या काखेत मामाचं घोंगडं होतं. पोरं नेहमीसारखी दार लावायला धावली.

"उघड!" तुकी म्हणाली. "खिडक्याबी उघड. सताड."

ऊन आत आलं. पट्ट्यांवर, पाट्यांवर, गुरुजींच्या चष्म्यावर. खोली एवढी उजळ कुणी पाहिलीच नव्हती. तानूबाईनं उंबऱ्यात घोंगडं पसरलं आणि बसली, अर्धी आत, अर्धी बाहेर. वाघ्या पायरीवर बसला.

तुकी पुस्तक उघडत होती. इतक्यात भैरू चुळबुळला. यावेळी त्याच्या आवाजात खोडी नव्हती, खरी भीती होती.

"पर... दिवस हाय ना, काकी."

सगळ्यांनी तानूबाईकडं पाहिलं. तिनं घोंगड्यावरचं एक कुसळ वेचलं आणि बाहेर टाकलं.

"माझा भाऊ आता वाट चुकायचा न्हाई," ती म्हणाली. "अन् तुझ्या मामाला माझा वाघ्या शोधून आणंल. गप ऐक. वाच गं."

गुरुजींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. पानाचा कोपरा दुमडलेला होता तिथं तुकीनं बोट ठेवलं. अक्षरं हलत होती. ती स्थिर होईस्तोवर तुकी थांबली. मग, पार पायरीपर्यंत ऐकू जाईल असं, मोठ्यानं वाचायला लागली.