नवरी, खुडूक कोंबडी आणि दोन घोड्यांची गाडी

ओनोरीन पेलुशोनच्या करड्या सित्रोएन गाडीला गावात सगळे पत्र्याची छत्री म्हणत. ओनोरीनला त्याचं काही वाटत नसे. कंपनीने ही ‘दोन घोड्यांची’ म्हणून ओळखली जाणारी छोटी गाडी मुळात शेतकऱ्यांसाठीच काढली होती. अंड्यांची टोपली घेऊन नांगरलेल्या शेतातून गेलं तरी एक अंडं फुटता कामा नये, अशी अट घालून. ओनोरीनच्या कोंबडीने मात्र हे जरा जास्तच मनावर घेतलं. एके दिवशी ती उघड्या कापडी छतातून आत उतरली आणि मागच्या सीटवर अंडी उबवायला बसली. तिला उठवायचं ओनोरीनच्या जिवावर आलं. मग बाजाराला जायचं तेही कोंबडीसकट.

मेयर एव्हारिस्त यांना हे बघून हसू आवरत नसे. त्यांची काळी डीएस गाडी त्याच कंपनीची, पण थाट निराळा. सुरू केली की ती म्हशीसारखी आधी मागून, मग पुढून उठायची. ओनोरीनची भाची सिदोनी हिला लग्नासाठी चर्चमध्ये आपल्या गाडीतून आपणच नेणार, हे त्यांनी कधीच जाहीर करून टाकलं होतं.

लग्नाच्या दिवशी अंगणातल्या विहिरीपाशी त्यांनी नवरीला कमरेतून वाकून नमस्कार केला आणि खिशातली गाडीची किल्ली विहिरीत पडली.

“राहू दे तुमची राणी इथंच,” ओनोरीन म्हणाली. “बसा पुढे.”

सिदोनीने मागे डोकावून पाहिलं. “आत्या, हिला सरकायला सांग ना.”

“तूच सरक. ती आधी आलीये.”

वळणावर मेंढ्यांनी रस्ता अडवला होता. चर्चची घंटा वाजू लागली, तशी ओनोरीनने गाडी सरळ नांगरलेल्या शेतात घातली. गाडी होडीसारखी डुलू लागली. मेयरसाहेब टोपी पोटाशी धरून डोळे मिटून बसले. अंडी शाबूत राहिली, मेयरसाहेबांचा रंग मात्र पार उडाला.

चर्चपाशी नवीनच पंचाईत झाली. कोंबडी अंड्यांसकट सिदोनीच्या ओढणीवर ऐसपैस बसली होती आणि हात लावला की चोच मारत होती. ओनोरीनने थोडा विचार केला. या गाडीची सीट उचलून बाहेर काढता येते. तिने चार दणकट पाहुणे हाकारले आणि सीट, नवरी, कोंबडी अशी सगळी वरात थेट वेदीपुढे नेऊन ठेवली. नवरदेव लेओन्स आधी बावचळला, मग निमूटपणे उरलेल्या जागेत जाऊन बसला.

फादर स्युल्पीस बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग त्यांनी विधी सुरू केला आणि या लग्नाला कुणाची हरकत आहे का, असं विचारलं. तेवढ्यात सीटवरून बारीकसा आवाज आला, “चिव.”

सगळ्या माना सीटकडे वळल्या. फादरनी वाकून कोंबडीच्या पंखाखाली पाहिलं; एका अंड्यातून नुकतंच पिल्लू बाहेर आलं होतं.

“याचा अजून बाप्तिस्मा झालेला नाही,” ते गंभीरपणे म्हणाले, “तेव्हा याची हरकत धरता येत नाही.” आणि त्यांनी लग्न लावून टाकलं.