माहेरचे मुनवे

मित्रांनो, पितळी नळी, दोन भिंगे आणि खाली उजेड पकडणारा आरसा, एवढाच माझा देह. मी एक जुना सूक्ष्मदर्शक. मोठ्या शहरातल्या विद्यापीठात माझे आयुष्य गेले. ते विद्यापीठ आधी फक्त परीक्षा घेई आणि पदव्या देई. पुढे तिथे प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आणि मी आलो. गिरणीकामगाराचा मुलगा आणि वकिलाची मुलगी माझ्यासाठी एकाच रांगेत थांबत. एकाला दिसलेले दुसऱ्याने पाहिल्याशिवाय तिथे खरे मानत नसत.

१९५६ साली जळगावच्या कॉलेजातून निरोप आला. रावेरकडे केळीच्या बागा पिवळ्या पडून मरत होत्या. वनस्पतिशास्त्राच्या संशोधक बाई मला मांडीवर घेऊन रेल्वेने निघाल्या.

तिथले बागाईतदार जीवराम नाना यांच्या बागेत पोहोचलो, तेव्हा बैलगाडी जुंपून तयार होती. गाडीत केळीचे मुनवे, म्हणजे लावणीचे कोंब होते. लेकीच्या सासरी पहिली बाग माहेरच्या मुनव्यांची लावायची, अशी त्या घरची रीत.

"नाना, गाडी थांबवा," बाई म्हणाल्या. "मुनव्यांत रोग असला तर तो लेकीच्या शेतात जाईल."

"व्याही वाट पाह्यत असतीन. माह्या मुनव्यांत खोट नाही."

शेजारचे गिरधरभाऊ हसले. "या नळीतून लेकीचं सासर दिसते का, बाई?"

गाडीतल्याच एका मुनव्याच्या मुळाचा पातळ काप बाईंनी काचपट्टीवर ठेवला आणि माझा आरसा उन्हाकडे वळवला. गाडीवान कासरा धरून उभा होता. बैल मान हलवत होते. बाई बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाना, तुम्ही पाहा."

नाना जागचे हलले नाहीत. त्यांच्या पत्नी सुगंधाबाई पदर सावरून पुढे आल्या आणि त्यांनी माझ्या नळीला डोळा लावला.

"हे जाळं कशाचं हाये?"

"बुरशीचं. ती पाणी वर चढू देत नाही."

"चांगलं मूळ दाखवा बरं."

गिरधरभाऊंच्या बागेतले मूळ आणले. त्यात जाळे नव्हते. सुगंधाबाईंनी दोन्ही काप पुन्हा पाहिले.

"बैलं सोड," त्या गाडीवानाला म्हणाल्या.

"अन् विहिणीले काय सांगशीन?" नानांनी विचारले.

"जे दिसलं ते."

तेव्हा नाना वाकले. त्यांचा श्वास माझ्या नळीवर गरम लागत होता. मग उठून पहिला मुनवा त्यांनी स्वतः गाडीतून उतरवला. संध्याकाळी मुनव्यांचा ढीग रचून जाळला. पुढे नानांची सारी बाग उपटावी लागली. लेकीची जमीन मात्र वाचली.

आता विद्यापीठात नवी यंत्रे आहेत. मी कपाटात आहे. मित्रांनो, माझी भिंगे मऊ कापडाने पुसत जा. आणि कोणी दूरच्या गावाहून एखादे मूळ घेऊन आले, तर त्याला दारातून परत पाठवू नका.